गोल्डविंगच्या डॅशवर लाकूड शोभतं का?

निवांत_मैल (ह्यूस्टन):
माझी होंडा गोल्डविंग बाईक २०१० ची, सेकंडहँड घेतलेली. इंजिन घड्याळासारखं चालतं, पण मीटरभोवतालच्या काळ्या प्लॅस्टिकवर ओरखडेच ओरखडे. आधीच्या मालकाच्या अंगठीची कृपा असावी. त्यावर चिकटवायला अक्रोडी रंगाच्या पट्ट्यांचा सेट बघून ठेवलाय. बायको म्हणते, दिवाणखान्यातलं शोकेस दिसेल. माझं म्हणणं, लांबच्या रपेटीत दिवसभर डोळ्यांसमोर डॅश असतो, मग नटवायचं ते त्यालाच. बोला.

खडखडाट (नाशिक):
राग मानू नका, पण हे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिकच. खरं लाकूड असतं तर एक वेळ समजलो असतो. १९७५ ची पहिली गोल्डविंग आठवा: उघडं ९९९ सीसीचं इंजिन, ना फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण), ना रेडिओ. त्या गाडीचा रुबाब यंत्रात होता. तुम्ही तिला लग्नातली बग्गी करताय.

निवांत_मैल:
त्याच उघड्या गाडीला लोकांनी बाहेरून फेअरिंग आणि पेट्या आणून बसवल्या. ते बघून होंडानं १९८० मध्ये कंपनीतूनच फेअरिंगवाली काढली. म्हणजे नटवणं हा या गाडीचा खानदानी गुण आहे, दादा!

खडखडाट:
फेअरिंग वारा अडवते. तुमची पट्टी काय अडवते?

निवांत_मैल:
ओरखडे झाकते.

पाना_दहाचा:
शोभेचं तुम्ही बघा, मला दुसरीच काळजी. तुमच्या गाडीत एअरबॅग आहे का? २००६ पासून गोल्डविंगवर ती मिळायला लागली. रायडरच्या पुढ्यातच तिचं झाकण असतं. त्या झाकणावर आणि त्याच्या कडांवर काहीही चिकटवायचं नाही. झाकण वेळेला उघडलं पाहिजे, आणि तुमची पट्टी सुटून तोंडावर यायला नको. सेटमध्ये तो तुकडा असला तर सरळ बाजूला काढा.
बाकीचं काम सोपं आहे, पण घाई नडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डॅशला पॉलिश मारलेलं असेल तर तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत पुसा, नाहीतर टेप धरत नाही. आधी कोरडी पट्टी ठेवून बटणं दाबून बघा, एखादं अडकतंच. चिकटवल्यावर तीन दिवस धुऊ नका. पुढेमागे काढायची झाली तर हेअर ड्रायरनं गरम करून खालून दात साफ करायचा दोरा ओढत न्या. स्क्रूड्रायव्हर घालाल तर अंगठीवाल्याला मागे टाकाल.

सावली_शोधक (पुणे):
लाकडी-काळं ठीक, पण चकचकीत नको. माझ्या क्रूझर बाईकच्या मीटरभोवती हौसेनं क्रोमची कड लावली होती. दुपारी घाटात एका वळणावर ऊन त्यावरून थेट डोळ्यांत. पुढचा टेम्पो दिसलाच नाही म्हणा ना. घरी येऊन त्याच संध्याकाळी काढली, पैसे पाण्यात.

निवांत_मैल:
एअरबॅगचं डोक्यातच नव्हतं, आभार. माझ्या गाडीला आहे. तिथला तुकडा काढून ठेवतो आणि सेट मॅट फिनिशमधला घेतो. आता बायकोला काय सांगू ते सुचवा.

खडखडाट:
सांगा, शोकेस अर्धंच केलंय. आणि फोटो टाका, भर उन्हात सीटवर बसून काढलेला. मत तेव्हाच देईन.