मदत हवी आहे : संगणक सुरू होत नाही, वीस तारखेच्या आत जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे आहे

बेदाणेवाला (सांगली, गावभाग)
नमस्कार. घरचा संगणक कालपासून सुरू होत नाही. बेदाण्याच्या व्यवहाराचे सर्व हिशोब त्यावरच टॅलीमध्ये आहेत आणि वीस तारीख जवळ आली आहे. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने पेटी न उघडता, केवळ फोनवर ऐकून, ‘मदरबोर्ड गेला आहे, नवा संगणक घ्या’ असे सांगितले. खात्रीचा उपाय ठाऊक असल्यास कृपया लवकर सांगावा. इंटरनेटवर शोधा असे कोणी सुचवू नये, ते करून झाले आहे.

खोडरबर
रॅम (मदरबोर्डावर बसवलेली स्मृतीची पट्टी) काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच घासाव्यात आणि पुन्हा घट्ट बसवावी. दहापैकी आठ संगणक एवढ्यावरच सुरू होतात, हा माझा अनुभव आहे.

मोजूनमापून (मिरज)
उपाय सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. बटण दाबल्यावर पंखा फिरतो की नाही? फिरत असल्यास फिरत राहतो की थांबतो? मॉनिटरवर काही अक्षरे उमटतात की तो ‘सिग्नल नाही’ असे दाखवतो? पेटीतून बीप ऐकू येते का? संगणक किती जुना आहे, आणि बंद पडण्यापूर्वी त्याची हलवाहलव झाली होती का? वीज आत न पोहोचणे, वीज पोहोचूनही चित्र न येणे आणि चित्र येऊनही विंडोज न उघडणे हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. यांपैकी तुमचा कोणता, हे पहिल्या मजकुरावरून समजत नाही.

नवेचघ्या
विंडोज खराब झालेली दिसते. पेनड्राइव्हवरून फॉरमॅट मारून नवीन टाका, अर्ध्या तासाचे काम आहे.

मोजूनमापून (मिरज)
फॉरमॅट केल्यास ज्या हिशोबासाठी हा सारा खटाटोप चालू आहे तोच पुसला जाईल. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत थांबणे बरे.

बेदाणेवाला
पंखा साधारण दोन सेकंद फिरतो, थांबतो आणि आपोआप पुन्हा फिरतो. बटण बंद करेपर्यंत हेच चालू राहते. मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ असे येते. बीप येत नाही. संगणक २०१२ साली सांगलीतच जुळवून घेतलेला आहे : दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ चा बोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. घराला रंग द्यायचा असल्याने तो मागील आठवड्यात माडीवर नेला होता. यूपीएसची बॅटरी संपल्यामुळे सध्या तो थेट भिंतीवरील सॉकेटवर चालतो.

नदीपलीकडचा (सांगलीवाडी)
आपण गावभागातील आहात म्हणून विचारतो. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात हा संगणक पाण्यात होता का? आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमच्याकडे पहिली धावपळ सामान माडीवर चढवण्याची असते, तरी काही वस्तू खाली राहतातच. पाण्यात राहिलेला बोर्ड वाळवल्यावर चालू होतो, पण त्यावरील भागांच्या पायांच्या बुडाशी अडकलेला गाळ दमट हवेत ओलावा धरतो आणि तांब्याच्या रेषा हळूहळू गंजतात. आमचा मिक्सर याच कारणाने पुरानंतर बऱ्याच काळाने बंद पडला.

बेदाणेवाला
दोन्ही वेळी संगणक माडीवर होता. पाण्याचा संबंध नाही. कृपया मूळ विषयावर यावे.

तारजोड्या
मग एसएमपीएस, म्हणजे पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा, तपासा. चोवीस पिनांचा जोड बोर्डापासून काढून हिरवी तार आणि कोणतीही काळी तार यांच्यामध्ये पेपरक्लिप जोडावी. पंखा फिरला तर एसएमपीएस ठीक आहे आणि दोष बोर्डात आहे असे समजावे. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

मोजूनमापून (मिरज)
परीक्षा सोपी आहे, पण तिचा निष्कर्ष तुम्ही सांगता तसा निघत नाही. पेपरक्लिपने पंखा फिरला तर एसएमपीएसला सुरू होण्याची आज्ञा पोहोचते एवढेच सिद्ध होते. त्या वेळी तिच्यावर प्रोसेसरचा भार नसतो, आणि जुन्या एसएमपीएसमधील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) थकले की ती बिनभाराने बरोबर दाब (व्होल्टेज) दाखवते व भार येताच ढासळते. सर्व दाब स्थिर झाल्याचा इशारा करड्या तारेतून बोर्डाला मिळाल्यावरच प्रोसेसर काम सुरू करतो. तो इशारा टिकला नाही तर बोर्ड बंद होऊन पुन्हा प्रयत्न करतो. दोन सेकंदांचे हे आवर्तन त्याचेच असण्याची शक्यता अधिक वाटते, मात्र मोजल्याशिवाय मी ते ठामपणे म्हणणार नाही.

बेदाणेवाले, आधी हलवाहलवीतील शक्यता संपवू. सॉकेटमधून वायर काढून प्रोसेसरजवळचा चार पिनांचा जोड, ज्यात दोन पिवळ्या व दोन काळ्या तारा असतात, नीट बसला आहे का ते पाहावे. तो निसटलेला असेल तर पंखे फिरतात, पण चित्र येत नाही. त्यानंतर हार्ड डिस्क, डीव्हीडी आणि समोरचे यूएसबी यांच्या तारा काढून एकच रॅम ठेवून पाहावे, मग दुसरी रॅम लावून पाहावे.

खोडरबर
म्हणजे फिरून रॅमवरच आलात. मी पहिल्यापासून तेच सांगतो आहे.

प्रयोगशाळा (कुपवाड)
रॅम काढून बसवणे योग्य आहे, खोडरबराने घासणे योग्य नाही. त्याचा चुरा खाचेत पडतो, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि घासताना स्थिर विद्युत निर्माण होते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेले, धागे न सोडणारे कापड पुरते.

खोडरबर
अल्कोहोल घरोघरी नसते, खोडरबर प्रत्येक दप्तरात असतो. इतक्या रॅम घासल्या, एकही मेली नाही.

प्रयोगशाळा (कुपवाड)
ज्या मेल्या त्या तुमच्याकडे परत आल्या नसतील.

बेदाणेवाला
आपण दोघांनी हा वाद अन्यत्र करावा, ही विनंती. चार पिनांचा जोड घट्ट बसलेला आहे. एकेक रॅम लावून पाहिली, दोन्ही काढूनही पाहिले, आवर्तन तसेच राहते. तारजोड्या यांच्या पेपरक्लिपने एसएमपीएसचा पंखा व्यवस्थित फिरतो. एक वेगळी गोष्ट आढळली : चार पिनांचा जोड काढून टाकला की पेटीतील पंखे न थांबता फिरत राहतात. याचा अर्थ काय?

मोजूनमापून (मिरज)
ही महत्त्वाची गोष्ट कळली. त्या जोडातून प्रोसेसरला १२ व्होल्टची वीज मिळते. तो काढल्यावर आवर्तन थांबते, म्हणजे १२ व्होल्टवर भार येताच काहीतरी कोसळते. आता संशयित दोनच उरले : भार न पेलणारी एसएमपीएस, किंवा बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी असणारा आणि १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणाऱ्या कमी दाबात रूपांतर करणारा भाग, ज्यात शॉर्ट झाले असेल. त्या भागातील कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का ते पाहावे. ती सपाट असावीत.

नंतर मल्टीमीटरने, सर्व जोड लावलेल्या स्थितीत, डिस्कसाठी असणाऱ्या मोकळ्या जोडातील पिवळी व काळी तार मोजावी. १२ व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे ११.४ ते १२.६ ठीक आहे. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ असावेत. हे सर्व बाहेरच्या जोडांवरच करावे. एसएमपीएसची पेटी कोणत्याही कारणाने उघडू नये, कारण २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ राहतात.

नवेचघ्या
इतक्या उठाठेवीपेक्षा नवा लॅपटॉप घ्या. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

निवृत्त लेखापाल (सातारा)
लॅपटॉप आणला तरी हिशोब जुन्याच डिस्कवर राहणार. बेदाणेवाले, बोर्डाचे काहीही होवो, तुमची डिस्क बहुधा सुरक्षित आहे. साटा (डिस्कचा जोड) ते यूएसबी अशा अडॅप्टरने ती दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मात्र साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबीमधून केवळ ५ मिळतात, म्हणून स्वतंत्र वीजजोड असलेलाच अडॅप्टर घ्यावा. टॅलीची माहिती आकडी नावांच्या फोल्डरांत असते. त्यातील एखादी फाइल न उचलता संपूर्ण डेटा फोल्डर उचलावा. विवरणपत्र अशा रीतीने शेजारच्या संगणकावरूनही भरता येईल, आणि दुरुस्ती मग सावकाश करावी.

बेदाणेवाला
अडॅप्टर मागवला आहे, आभारी आहे. शेजारी मोटार रिवाइंडिंग करतात, त्यांनी मल्टीमीटर आणून मोजले. पेपरक्लिप लावून पिवळ्या तारेवर १२.१ व्होल्ट, सर्व जोड लावून बटण दाबल्यावर ११ च्या खाली घसरून शून्य. कपॅसिटर सपाट आहेत.

तारजोड्या
बोर्डात शॉर्ट असेल तरीही दाब असाच घसरेल. म्हणजे माझे म्हणणे अजून खोटे ठरलेले नाही.

मोजूनमापून (मिरज)
हे मान्य आहे. म्हणूनच दुसरी एसएमपीएस लावून पाहण्यावाचून निर्णय होणार नाही. माझ्याकडे ४५० वॅटची चालू स्थितीतील एक पडून आहे. निरोपातून कळवल्यास उद्या सांगलीला येताना घेऊन येतो.

बेदाणेवाला
एसएमपीएस बदलताच पंखे फिरत राहिले आणि चित्र आले. आपले उपकार विसरणार नाही. परंतु प्रथम ‘सीमॉस चेकसम’ची सूचना आली, तारीख २०११ सालची दिसली, आणि विंडोजचे चिन्ह दिसून निळा पडदा आला. त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिले आहे. डिस्क गेली काय?

नवेचघ्या
मी म्हटलेच होते. आता तरी फॉरमॅट करा.

निवृत्त लेखापाल (सातारा)
कृपया करू नये!

प्रयोगशाळा (कुपवाड)
डिस्क गेलेली नसावी. बोर्डावरील नाण्याच्या आकाराचा सीआर-२०३२ सेल संपला आहे, त्यामुळे बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरील प्रणालीतील) सर्व नोंदी मूळपदावर गेल्या. अनेक एच-६१ बोर्डांची मूळ नोंद साटासाठी ‘आयडीई’ (डिस्कशी संवादाची जुनी पद्धत) असते. तुमची विंडोज ‘एएचसीआय’ (नवी पद्धत) ठेवून बसवलेली असल्यास तिला आता डिस्क सापडत नाही. ३ व्होल्टचा नवा सेल घालावा, बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ करावा, तारीख-वेळ घालावी आणि जतन करून बाहेर पडावे. तारीख विसरू नये. ती चुकीची राहिली तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात आणि जीएसटीचे पानच उघडत नाही.

बेदाणेवाला
सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. साटा मोड बदलल्यावर विंडोज उघडली, टॅलीही उघडली. निवृत्त लेखापालांनी सांगितल्याप्रमाणे संपूर्ण डेटा फोल्डर प्रथम पेनड्राइव्हवर घेतला आणि आत्ताच विवरणपत्र दाखल केले. मिरजेची एसएमपीएस मी ठेवून घेतो आणि तिची किंमत देतो, त्यांनी संकोच न करता आकडा सांगावा. यूपीएससाठी नवी बॅटरी घ्यावी की यूपीएसच नवा, याबद्दल मत हवे आहे.

तारजोड्या
त्याआधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये मल्टीमीटर लावल्यास साधारण २३० दिसले पाहिजेत, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये जवळजवळ शून्य.