मदत हवी आहे: इंटिरियरच्या कामाबद्दल लोकांशी ऑनलाइन बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये घरांच्या इंटिरियरची कामं घेते. बहुतेक टू बीएचके, पहिलंच स्वतःचं घर घेतलेली माणसं. बजेट आखडतं, दिवाळीच्या आत वास्तुशांत उरकायची घाई आणि मोबाइलमध्ये पिंटरेस्टवरून जमवलेले परदेशी स्वयंपाकघरांचे फोटो. आजवर कामं आली ती ओळखीतूनच. आता इन्स्टाग्रामवर पान आहे, गूगलवर व्यवसायाची नोंद आहे, पण तिथे जे चालतं त्याला गप्पा म्हणवत नाही.

तयार हॉलचा झकास फोटो टाकला की बदाम येतात ते इतर डिझायनर्सचे, नाहीतर लॅमिनेट विकणाऱ्यांचे. ज्यांना खरंच घर करायचंय ती माणसं दोनच शब्द लिहितात, "रेट काय?" स्क्वेअर फुटाचा आकडा सांगावा, तर त्यात प्लाय कुठलं, आतून लायनर (पातळ लॅमिनेट) आहे की नुसता रंग, ट्रॉल्यांना सरकायचं चॅनल कुठलं, यातलं काहीच कळत नाही. आणि "मेसेज करा" म्हटलं की माणूस गायब.

उलट मध्यंतरी सहज एक अगदी साधा फोटो टाकला. ओट्यापाशी उभ्या काकू (चेहरा नाही), कोपर काटकोनात वाकवलेलं आणि कोपरापासून ओट्यापर्यंत धरलेली टेप. खाली एवढंच लिहिलं, की कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर ओटा असावा. बिल्डरचा सरसकट ३४ इंची ओटा पाच फुटांच्या बाईला भाजी चिरायला चालतो, पण पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागतात. त्यावर धमाल चर्चा झाली! एकीनं विचारलं, सासूबाईंच्यात आणि माझ्यात अर्ध्या फुटाचा फरक आहे, माप कुणाचं धरायचं? दुसरीनं लाटण्यापुरती खाली बाहेर ओढता येणारी फळी सुचवली. एका आजोबांनी त्यांच्या घरचा बसून वापरायचा जुना ओटा दाखवला. मला हे असं हवं आहे, पण नेहमी. जमेल कसं?

शिवाय मराठीत लिहावं की इंग्रजीत? ग्राहकाच्या घराचं किती दाखवावं? आणि माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण आर्किटेक्ट आहे. ती म्हणते तिला जाहिरात करायला मनाई आहे. खरं का हे?

प्रतिसाद (आर्किटेक्ट, ठाणे):
मैत्रिणीचं बरोबर आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे आर्किटेक्टांची नोंदणी करणारी संस्था, तिच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत सेवेची जाहिरात करायला बंदी आहे, थोडे अपवाद सोडून. इमारतीवर नाव लावलं तरी अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत, इतकं बारीक आहे ते! इंटिरियर डिझायनरला हे नियम लागू नाहीत, पण १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानं 'आर्किटेक्ट' ही पदवी राखीव आहे. त्यामुळे तुमच्या पानावर ती स्वतःसाठी वापरू नका. पैसे भरून जास्त लोकांना दाखवलेली पोस्ट म्हणजे माझ्या मते सरळ जाहिरात. ओल कुठून येते हे समजावणं वेगळं. तरी मैत्रिणीनं तिचं नाव घालण्याआधी कौन्सिलला लेखी विचारलेलं बरं.

प्रतिसाद (घरमालक, चिंचवड):
ग्राहक म्हणून सांगतो. नव्या घराचा फोटो सगळ्यांचाच छान येतो. मला दोन पावसाळे काढलेलं घर दाखवा. पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आले का, सिंकखालचं कपाट फुगलं का, ट्रॉली अजून नीट सरकते का? असं दाखवणारा मला तरी अजून कोणी भेटला नाही.

रेटचं म्हणाल, तर लोक तो विचारतात कारण दुसरं काय विचारायचं तेच त्यांना माहीत नसतं. एखाद्या स्वयंपाकघराचं बिल, मालकाला विचारून, फोडून मांडा: प्लायला किती, हार्डवेअरला किती, सुताराच्या मजुरीला किती. प्लायवरचा छाप कसा वाचायचा ते सांगा. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं प्लाय, ते सिंकखाली का घ्यायचं आणि बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज का नाही. हे वाचलेला माणूस पुढे "रेट काय" विचारणार नाही, "माझ्या सिंकखाली काय घालाल" असं विचारेल.

प्रतिसाद (इंटिरियर डिझायनर, कोल्हापूर):
मराठीतच लिहा, आणि साइटवर बोलता तसं. माळा, कडप्पा, ड्राय बाल्कनी, लांबी (भिंतीची पुट्टी), गिलावा. "ल्युमिनस मिनिमल स्पेस" वाचून फक्त आपल्यासारखेच बदाम देतात. :)

फोटोची परवानगी कामाच्या करारातच एका ओळीत घ्या. दारावरची पाटी, कुटुंबाचे फोटो, खिडकीतून ओळखू येणारी समोरची इमारत, लॉकरची जागा, हे कधीही नको. कुटुंब राहायला आल्यावर महिनाभरानं टाका. फॉलोअर वाढवून देणाऱ्या एजन्सीच्या नादी लागू नका. आम्हाला एकीनं भरपूर दिले, त्यातला एकही कोल्हापूरच्या आसपासचा नव्हता. व्हॉट्सअॅप चॅनल एकतर्फी असतं, तिथे गप्पा होत नाहीत. जुन्या ग्राहकांचा छोटा ग्रुप केलात तर तेच एकमेकांना रंगवाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळं विचारतात आणि तुमचे पुढचे विषय आयते मिळतात. मात्र ग्रुपमध्ये तक्रारही सगळ्यांसमोर येणार. ती पुसायची नाही, तिथल्या तिथे उत्तर द्यायचं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. बिल फोडून मांडायची कल्पना लगेच घेते. पण दोन पावसाळ्यांनंतरच्या घराचं अडतंय. काम संपून, पैसे चुकते होऊन इतका काळ गेलेला, आता कॅमेरा घेऊन दारात उभं राहायचं म्हणजे फारच स्वार्थी वाटतं. कसं विचारता तुम्ही?

प्रतिसाद (इंटिरियर डिझायनर, कोल्हापूर):
फोटो मागायला जायचंच नाही. सुताराला घेऊन जायचं, बिजागऱ्या आवळायच्या, ट्रॉल्यांची चॅनलं पुसून तेल घालायचं, पैसे घ्यायचे नाहीत. चहा होतोच, मग लोक आपणहून दाखवतात काय टिकलं आणि काय नाही ते. फक्त घासणारं लाकडी दार भर श्रावणात रंधून देऊ नका. ते ओलीनं फुगलेलं असतं, उन्हाळ्यात त्याला फट पडते. ते ऐकायलाही लोकांना आवडेल, बघा टाकून.