‘कर्करोगविरोधी’ कोणत्या संयुगाला म्हणावे? सागरी कवकांविषयीच्या लेखनातील काही शब्द

विचारणा

सागरी कवकांपासून मिळालेल्या काही संयुगांविषयीचा एक लेख संपादनासाठी माझ्याकडे आला आहे. लेखकाने त्याला ‘समुद्री बुरशीत कर्करोगनाशक औषधाचा शोध’ असे शीर्षक दिले आहे. मजकुरात मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर त्या संयुगांचा काय परिणाम झाला, एवढीच माहिती आहे. ‘कर्करोगनाशक’, ‘कर्करोगविरोधी’, ‘कर्करोगरोधक’ आणि ‘पेशीघातक’ हे शब्द लेखात एकमेकांच्या जागी आले आहेत. यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा? ‘बुरशी’ ठेवावी की ‘कवक’ करावे, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘बुरशी’ चुकीचा शब्द नाही. ओल्या वस्तूंवर दिसणारी तंतुमय वाढ असा त्याचा रूढ अर्थ आहे आणि या विषयात वारंवार येणाऱ्या अ‍ॅस्परजिलस व पेनिसिलियम या प्रजाती तशाच असतात. यीस्ट आणि भूछत्रे यांच्यासह सगळा वर्ग अभिप्रेत असेल तेथे मात्र ‘कवक’ लिहावे.

खरा प्रश्न ‘कर्करोग’ या शब्दाला लावलेल्या शेपटांचा आहे. ‘नाशक’ म्हटले की रोग समूळ जातो असे वाचकाला वाटते. ‘रोधक’ या शब्दातून रोग होऊच न देणे असा अर्थ निघतो आणि प्रतिबंधक उपाय हे संशोधनाचे वेगळेच क्षेत्र आहे. ‘विरोधी’ त्यातल्या त्यात संयत आहे, पण तोही पेशींवरच्या चाचणीसाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील सफनेस आणि डौरोस यांनी १९८२ मध्ये या शब्दांची सीमा आखून दिली होती. पात्रात वाढवलेल्या पेशींना जे मारते ते ‘पेशीघातक’. प्राण्याच्या शरीरातील गाठीची वाढ जे रोखते ते ‘अर्बुदविरोधी’. आणि रुग्णांवरील चाचण्यांत ज्याचा गुण दिसला तेवढेच ‘कर्करोगविरोधी’. मराठीत हे तिन्ही शब्द सहज घडतात, आणि गाठीच्या अर्थाने ‘अर्बुद’ तर आयुर्वेदाच्या जुन्या परिभाषेतच आहे.

ही सीमा का पाळायची, हे कामाच्या क्रमावरून कळते. शैवाल, स्पंज किंवा समुद्रतळाचा गाळ यांतून कवक वेगळे काढतात, ते संवर्धन-माध्यमात वाढवतात, त्या वाढीचा अर्क काढतात आणि तो अर्क पेशींवर घालून पाहतात. परिणाम दिसला तर अर्काचे भाग पाडत, प्रत्येक भाग पुन्हा तपासत, शुद्ध संयुगापर्यंत पोचतात आणि मग चुंबकीय अनुस्पंदन व वस्तुमान वर्णपट यांच्या साहाय्याने त्याची रचना ठरवतात. हाती आलेले संयुग पूर्वीच माहीत असलेले निघणे हा नित्याचा अनुभव आहे. एवढ्या खटाटोपाच्या शेवटी जो आकडा मिळतो तो असतो पेशींची वाढ निम्म्यावर आणणाऱ्या संहतीचा, म्हणजे द्रावणातील संयुगाच्या प्रमाणाचा. ती संहती जितकी कमी तितके संयुग प्रभावी, हे खरे. पण निरोगी पेशींवर तेच संयुग काय करते, हे त्या आकड्यात नसते. ग्लायोटॉक्सिन हे कवकजन्य संयुग पाहा. सागरी अ‍ॅस्परजिलसांपासूनही ते मिळते आणि कर्करोगाच्या पेशींना मारते, परंतु निरोगी पेशींनाही ते सोडत नाही. त्याला ‘कर्करोगनाशक’ म्हणणे म्हणजे विषाला औषधाचे नाव देणे होय.

प्रतिसाद

वरील वर्गीकरण मान्य आहे, पण ‘पेशीघातक’ या शब्दातही ‘घात’ गृहीत धरलेला आहे. पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या एमटीटी चाचणीत पिवळ्या द्रव्याचे जांभळ्यात रूपांतर किती झाले ते मोजतात. हे रूपांतर चयापचय चालू असलेल्या पेशी करतात. जांभळा रंग फिका पडला तर पेशी मेल्या असतील किंवा त्यांचे विभाजन थांबल्यामुळे त्यांची संख्या वाढलीच नसेल. ही चाचणी एकटी त्यांतला फरक सांगत नाही. म्हणून लेखकाने पेशी मेल्याचे वेगळ्या पद्धतीने दाखवले नसेल तर ‘पेशींची वाढ रोखणारे’ असे सरळ लिहावे. समास घडवण्याचा आग्रह प्रत्येक वेळी धरायलाच हवा असे नाही.

प्लिनाब्युलिनचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अ‍ॅस्परजिलसच्या एका वाणापासून हॅलिमाइड नावाचे संयुग मिळाले होते; तो वाण हॅलिमेडा या हिरव्या सागरी शैवालावर सापडला होता. त्या रेणूत प्रयोगशाळेत बदल करून प्लिनाब्युलिन तयार झाले. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे पेशीविभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका नीट जुळत नाहीत. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवरही त्याचा परिणाम होतो. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी डोसिटॅक्सेल या रसायनोपचारातील औषधाच्या जोडीने ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचले, म्हणजे वरच्या कसोटीनुसार तिसऱ्या शब्दाच्या दाराशी आले. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे जो अर्ज २०२१ मध्ये निर्णयाला आला, तो रसायनोपचारामुळे होणारी पांढऱ्या पेशींची घट टाळण्यासाठी होता. तोही मंजूर झाला नाही आणि आणखी एका चाचणीची गरज सांगण्यात आली. आता याला एका शब्दात काय म्हणाल? मी तरी ‘कर्करोगाच्या उपचारासाठी तपासले गेलेले’ असेच म्हणेन.

प्रतिसाद

‘सागरी’ या शब्दाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. सागरी कवकांचे अभ्यासक कोलमायर दांपत्य यांनी १९७९ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार केवळ समुद्रात किंवा खाडीत वाढणारी व तेथेच बीजाणू तयार करणारी कवके ही काटेकोर अर्थाने सागरी होत. गोड्या पाण्यातली किंवा जमिनीवरची जी कवके समुद्रातही वाढू शकतात, त्यांचा गट वेगळा. औषधी संयुगांच्या संशोधनात आढळणारी बहुतेक अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या दुसऱ्या गटातली असतात, आणि काही वेळा तर वाहून आलेला बीजाणू निद्रिस्त अवस्थेत नमुन्यात होता की कवक तेथे खरोखर जगत होते, हेही सांगता येत नाही. म्हणून ‘सागरी कवक’ याऐवजी ‘समुद्रातून मिळालेले कवक’ हा शब्दप्रयोग लांब असला तरी प्रामाणिक आहे. हॅलिमाइडचा रेणू म्हणजेच फेनिलअहिस्टिन, आणि ते समुद्राशी संबंध नसलेल्या अ‍ॅस्परजिलसपासूनही मिळालेले आहे. इटलीत सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये जे कवक वेगळे केले आणि ज्यापासून पुढे सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविके आली, ते सांडपाणी समुद्राला मिळते तेथले होते. त्याला सागरी म्हणायचे की गटाराचे, हा वाद अजून रंगू शकतो.

जाता जाता एक सूचना. लेखात सॅलिनोस्पोरामाइडचा उल्लेख असेल तर तो कवकांच्या यादीतून काढावा. ते संयुग सॅलिनिस्पोरा या अ‍ॅक्टिनोमायसीट गटातील सागरी जीवाणूचे उत्पादन आहे. अ‍ॅक्टिनोमायसीट या नावाचा शब्दशः अर्थ ‘किरण-कवक’ असा होतो आणि हे जीवाणू तंतूंसारखे वाढतात, त्यामुळे ही गल्लत वारंवार होते.

विचारणा करणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. ‘समुद्रातून मिळालेल्या कवकात कर्करोग-पेशींची वाढ रोखणारी संयुगे’ असे शीर्षक योजले आहे. लेखकाचा आग्रह मात्र ‘संभाव्य कर्करोगविरोधी’ या शब्दांसाठी आहे. ते चालतील का?

प्रतिसाद

शीर्षकात नकोत. ‘संभाव्य उमेदवार’ म्हटले की तो उमेदवार बहुधा उभा राहणार असे आपण समजतो; मराठीतल्या ‘संभाव्य’ला घडण्याच्या बाजूचा कल आहे. पेशींवर गुण दाखवणाऱ्या संयुगांपैकी अगदी थोडी रुग्णापर्यंत पोचतात, म्हणजे येथे कल उलट बाजूला आहे. मजकुरात एकदा, ‘यांपैकी एखादे पुढे उपचारासाठी उपयोगी ठरते का, हे प्राण्यांवरील चाचण्यांनंतर पाहावे लागेल’ असे वाक्य घातले तर लेखकाचा हेतूही साधेल. शीर्षकातून ‘औषधाचा’ हा शब्द आपण काढलात, हे योग्यच झाले. संयुग आणि औषध यांच्यात मात्रा, विषारीपणा, शरीरातील शोषण आणि पुरेशा प्रमाणात उत्पादन एवढे सगळे प्रश्न उभे असतात. ‘शोध’ हा शब्द मात्र मजकुरात खुशाल ठेवावा, कारण नव्या रचनेचे संयुग सापडले असेल तर त्याचा शोध लागलेलाच आहे.