डाळ घरात असते, तरी पुन्हा येते. वाणसामानाचा हिशोब कसा ठेवावा?

प्रश्न: चार माणसांचं घर. तूरडाळ दुप्पट साठते, रव्याला जाळी धरते. वहीतली नोंद आठवडाभरही टिकत नाही. सोपी पद्धत सांगा.

उत्तर १: रोजची नोंद सोडाच. डाळ रोज १५० ग्रॅम लागत असेल तर १० दिवसांची दीड किलो मोजून रिकाम्या डब्यात ओता, त्या उंचीवर बाहेरून चिकटपट्टी लावा. डाळ पट्टीखाली उतरली की कपाटाच्या दारावरच्या यादीत लिहायचं. यादीत नाही ते आणायचं नाही. स्टीलच्या डब्यात बाहेरून डाळ दिसत नाही, तिथे पारदर्शक बरणी घ्या.

उत्तर २: नवा रवा जुन्यावर ओतता ना? जाळी तिथूनच. तळाचा रवा महिनोन् महिने हलत नाही. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात कोरडा करा. नवा खाली, जुना वर. रवा कोरडा भाजून पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरलात तर वाफ धरून गुठळ्या होतात.

प्रश्नकर्ता: दाण्याच्या कुटाचं काय?

उत्तर २: आठवड्यापुरताच करा. कूट तेल सोडतं, लवकर खवट होतं. अख्खे दाणे टिकतात.