मदत हवी आहे: बोइंक टीमसाठी बक्षिसं ठेवावीत का? (पुणे)

ध्रुवमत्स्य:
आमच्या हौशी विज्ञान मंडळाची (कोथरूड-कर्वेनगर भाग) आइन्स्टाइन ॲट होमवर टीम आहे (बोइंक म्हणजे घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ विज्ञानाच्या आकडेमोडीला देणारा प्रोग्राम, आणि त्यावरचा हा प्रकल्प पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे, शोधतो). विज्ञान दिनाला स्टॉल लावला तेव्हा ६४ जण सामील झाले. आता टीमच्या पानावर पाहिलं तर जेमतेम १९ जणांकडून काम परत येतंय. एका हितचिंतकांनी २५,००० रुपये देऊ केलेत आणि बक्षिसं ठेवा असं सुचवलंय. विचार असा आहे की दर महिन्याला सर्वाधिक क्रेडिट मिळवणाऱ्या तिघांना ३०००, १५०० आणि ५०० द्यायचे, असे पाच महिने. याने लोक परत येतील का? मोजायचं कशावर, एकूण क्रेडिटवर की आरएसीवर (अलीकडच्या क्रेडिटची सरासरी)? जाणकारांनी कृपया सांगावं.

सर्व्हररूम:
क्रमांकावर रोख बक्षीस ठेवू नका.

क्रेडिट म्हणजे झालेल्या आकडेमोडीचं माप. १ गिगाफ्लॉपचं (सेकंदाला अब्जभर आकडेमोडी करणारं) मशीन दिवसभर चाललं की २०० क्रेडिट, हे बोइंकचं मूळ गणित. त्यामुळे ज्याच्या घरी गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आहे तो आठवडाभरातच साध्या लॅपटॉपवाल्याच्या इतका पुढे जातो की गाठणं अशक्य. तुमच्या ६४ जणांत अशी कार्डं तीन-चार जणांकडे असतील. पहिल्याच महिन्यात बाकीच्यांना कळेल की नंबर आधीच ठरलेत. आज जे १९ जण मनापासून चालवताहेत त्यांतलेही काही गळतील.

आरएसी तर मुळीच नको. ती घटती सरासरी आहे, मशीन बंद केलं की आठवड्यात निम्मी होते आणि नवीन माणसाची चढायला कित्येक आठवडे लागतात. स्पर्धा ठेवायचीच असेल तर दोन तारखांच्या एकूण क्रेडिटमधला फरक घ्या. तोही लगेच जाहीर करता येत नाही. एकच काम दोन मशीनकडे जातं आणि निकाल जुळले तरच क्रेडिट मिळतं. जोडीदाराने उशीर केला की तुमचं क्रेडिट 'पेंडिंग'. बऱ्याच कामांची मुदत १४ दिवसांची असते, म्हणजे महिना संपल्यावर निदान दोन आठवडे थांबायला हवं.

आणि पैसा आला की पुढचे प्रकार ठरलेले. कोणी कामाचा साठा दहा दिवसांचा करून ठेवतो, मग मुदत चुकते आणि तेच काम तिसऱ्याला द्यावं लागतं. कोणी ओव्हरक्लॉक करतो, म्हणजे मशीन ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवतो, आणि 'इनव्हॅलिड' (चुकीच्या) निकालांचा ढीग लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे कोणी ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर परवानगीशिवाय टाकतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या तंत्रज्ञावर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या अशाच प्रकल्पाचा प्रोग्राम असा टाकल्याबद्दल फौजदारी खटला झाला होता. हिंजवडीतल्या पोराची नोकरी तुमच्या ५०० रुपयांपायी जायला नको.

मर्सेन:
थोडं वेगळं मत. बक्षीस वाईटच असं नाही, ते कशावर आहे ते बघा. मर्सेन मूळसंख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या) लोकांच्या कॉम्प्युटरवर शोधणारा गिम्प्स प्रकल्प १९९६ पासून चालू आहे आणि तिथे नवी संख्या सापडली की ३००० डॉलरचं बक्षीस असतं. २०२४ च्या ऑक्टोबरात ४,१०,२४,३२० अंकी संख्या सापडली. शोधणाऱ्याने भाड्याच्या क्लाउड मशीनवर स्वतःचा जो पैसा घातला तो बक्षिसाच्या कित्येक पट होता, आणि बक्षिसाची रक्कम त्याने आपल्या जुन्या शाळेला दिली. म्हणजे बक्षिसामुळे त्याने काही केलं नाही, पण बक्षीस आहे म्हणून काही बिघडलंही नाही. कारण ते शोधाला आहे, क्रमांकाला नाही. तुमच्या प्रकल्पात शोधाचं श्रेय मिळतंच. २०१० साली आइन्स्टाइन ॲट होमला पहिला नवा रेडिओ पल्सार सापडला, सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या घेणारा. ज्यांच्या घरच्या मशीनवर तो सापडला, त्या अमेरिकेतल्या दांपत्याचं आणि जर्मनीतल्या एकाचं नाव शोधासोबत जाहीर झालं.

वायरमन:
मला वाटतं मुळात प्रश्न हौस संपल्याचा नाहीच. ४५ जण गप्प का झाले ते आधी विचारा. व्हॉट्सॲप गटावर तीनच प्रश्न टाका: पंखा आवाज करतो का? घरच्यांनी बिलावरून टोकलं का? बोइंक चालू आहे हे माहीत आहे का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांचं 'नाही' येईल. विंडोजचा लॅपटॉप १५-२० मिनिटांत झोपी जातो, की काम थांबलं.

बिलाचा हिशोब उघड मांडा, रोज १० तास धरून. लॅपटॉप जादा २५ वॉट ओढत असेल तर महिन्याला साडेसात युनिट, डेस्कटॉप ७० वॉट म्हणजे २१ युनिट, ग्राफिक्स कार्ड २०० वॉट म्हणजे ६० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ७५, २१० आणि ६०० रुपये. महावितरणचा टप्पा ३०० युनिटला बदलतो आणि त्यापुढचा दर बराच चढा आहे. ज्याचं घर आधीच २७०-२८० ला असतं त्याने कार्ड लावू नये, नुसता सीपीयू चालवावा. सॉकेटला लावायचे दोन वॅटमीटर मंडळाने घ्या आणि आठवडा-आठवडा फिरवा. आपलं मशीन किती खातं ते डोळ्यांनी दिसलं की भीती जाते.

ध्रुवमत्स्य:
सर्वांचे आभार. बिलाचं लक्षातच आलं नव्हतं. पण देणगीदारांची इच्छा आहे की लोकांच्या हातात काहीतरी पडावं. लकी ड्रॉ काढला तर?

सर्व्हररूम:
ड्रॉ क्रमवारीपेक्षा बरा, पण तिकीट किंवा वर्गणी लावू नका आणि रक्कम लहान ठेवा. ड्रॉमधलं बक्षीस १०,००० च्या वर गेलं की ३० टक्के टीडीएसची भानगड येते.

त्यापेक्षा उंबरठा ठेवा. 'महिन्यात किमान १५ वेगवेगळ्या दिवशी एक तरी व्हॅलिड निकाल' एवढीच अट, जो पार करेल त्या प्रत्येकाला सारखंच. जुना लॅपटॉपही हे करू शकतो. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या बोइंकवरच्याच दुसऱ्या प्रकल्पाचे बॅज बघा, ते गुणांवर नसून चालवलेल्या वेळेवर आहेत: कांस्य १४ दिवस, रौप्य ४५, सुवर्ण ९०. मोजदादीसाठी सभासदाने खात्यात 'माझे कॉम्प्युटर दाखवा' हा पर्याय चालू करावा, मग टास्कच्या यादीत तारखा दिसतात. ज्यांना दाखवायचं नाही त्यांच्यावर जबरदस्ती नको, त्यांनी स्क्रीनशॉट पाठवावा.

वायरमन:
हातात पडायलाच हवं तर सफाई शिबिर घ्या. एक रविवार, एक ब्लोअर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टच्या दोन-तीन ट्यूब. पुण्यातल्या रस्त्याकडेच्या घरांतली धूळ हीटसिंकमध्ये नमद्यासारखी बसते. ती काढल्याखेरीज एप्रिल-मेमध्ये २४ तास लोड टाकणं हा मशीनवर अन्याय आहे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. जुनी पेस्ट पूर्ण पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी, प्रोसेसरच्या मधोमध. वॉरंटीतला लॅपटॉप उघडू नका, बाहेरून जाळी साफ करा.

तिथेच प्रत्येकाचं सेटिंग लावून द्या: कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये कोअर ५० टक्के, बॅटरीवर असताना बंद, कामाचा साठा अर्धा दिवस. 'सीपीयू टाइम' मात्र १०० टक्केच ठेवा. तो कमी केला की काम सारखं चालू-बंद होतं आणि पंखा धापा टाकल्यासारखा वाजतो. आवाज कमी करायचा तर कोअर कमी करा.

तारांगण:
उरलेल्या पैशांत बस करा. २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, लोकांना दुर्बिणी जवळून बघता येतात. आपला लॅपटॉप पल्सारच्या शोधात राबतोय हे वाचणं वेगळं आणि ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभं राहून ते समजून घेणं वेगळं. अशा ३० तबकड्या आहेत तिथे. उंबरठा पार केलेल्यांना घरच्या एका माणसासह जागा द्या. बिलावरून टोकणारं माणूस बरोबर आलं तर फारच उत्तम.

ध्रुवमत्स्य:
हे एकदम पटलं, उद्याच देणगीदारांशी बोलतो. वॅटमीटर आणि शिबिर ५,००० मध्ये बसवू, बाकी बससाठी राखून ठेवू. मासिक क्रमवारी रद्द. प्रश्नावली आज रात्री गटावर टाकतो.

तारांगण:
बस पहाटे साडेपाचला काढा. सातनंतर चाकणला अडकलात तर प्रदर्शनाचा अर्धा दिवस नाशिक रस्त्यावरच जाईल.