सांगलीतील छोट्या रीफ टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील?

प्रश्न: माझ्या ९० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ स्थिरावले आहेत. क्लाऊनफिशच्या जोडीसोबत ब्लू टँग ठेवता येईल का, कृपया सांगावे.

उत्तर १: ब्लू टँग मुळीच घेऊ नका, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याऐवजी एक फायरफिश आणि एक वॉचमन गोबी पुरेसे आहेत. गोबी पिस्तूल कोळंबीच्या बिळात राहतो; कोळंबी वाळू उपसते आणि दृष्टी अधू असल्याने आपली मिशी सतत त्याच्या अंगाला टेकवून ठेवते, हे अवश्य पाहावे.

उत्तर २: सहमत. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच. क्लाऊनफिश जागेवर हक्क सांगतात, त्यामुळे त्यांना शेवटी सोडावे.

उत्तर ३: आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी २७ अंशांपुढे जाऊ नये, यासाठी चिलरची सोय मासे आणण्याआधीच करावी.