मदत हवी आहे: पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा पुण्याच्या कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूलमध्ये शिकले. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं बक्षिसाचं एक पुस्तक सापडलं. आत चिकटवलेल्या कागदावर त्यांचं नाव, 1912 साल आणि खाली जांभळ्या शाईत दोन तिरक्या ओळी. आधी मोडी वाटली (घरातल्या आजीचंही तेच मत), पण ती जुनी जर्मन लिपी निघाली.

ही शाळा 1867 ची, जेझुइट पाद्र्यांची, आणि तेव्हा ते बहुतेक जर्मन होते. 1914 ला युद्ध पेटलं आणि ब्रिटिशांच्या लेखी हे सगळे शत्रूचे नागरिक ठरले. अनेकांना नगरच्या छावणीत ठेवलं, पुढे बऱ्याच जणांना मायदेशी धाडलं. पुण्याचे बिशप डोरिंगही जर्मनच. त्यांना 1921 मध्ये थेट जपानात, हिरोशिमाला नेमलं आणि 1927 ला ते परत पुण्यात आले! हे वाचून मी तर चाटच पडलो.

माझा प्रश्न शाळेपुरताच आहे. त्या वर्षांत वर्गावर कोण जात होतं? पणजोबा 1916 ला मॅट्रिक झाले, म्हणजे शिकवणं बंद नव्हतं. त्या काळातली हजेरीपुस्तकं, वार्षिक अंक किंवा वर्गाचे फोटो कुणाच्या घरी आहेत का? आणि जुनी जर्मन लिपी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर प्लीज सांगा, त्या दोन ओळींचा फोटो लगेच पाठवतो.